राक्षस घडवतो कोण?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीतला एक मुलगा जिन्यावरून पडला आणि त्याच्या कपाळाला टाके पडले. पट्टी निघाल्यावर तो वर्गात आला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "अरे, फ्रँकेन्स्टाईन आला!" वर्ग खो खो हसला. मधल्या सुट्टीपर्यंत ते नाव शाळाभर झाले. आम्हा शिक्षकांच्याही कानांवर ते आले. खरे सांगायचे तर आमच्यापैकी काहीजण हसलेसुद्धा. मुलांची गंमत आहे, चार दिवसांत विसरतील, असे आम्ही म्हटले. मुले विसरली नाहीत. तो मुलगा डबा एकटा खाऊ लागला, स्नेहसंमेलनाच्या नाटकातून त्याने आपले नाव काढून घेतले आणि वर्ष संपेपर्यंत केस कपाळावर ओढून बसत राहिला.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, नोकरीला लागला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, फ्रँकेन्स्टाईन हे त्या राक्षसाचं नाव नाहीच मुळी. मी नंतर पुस्तक वाचलं. एकदा आपल्या वार्तापत्रात लिहा ना." त्याच्या परवानगीने आणि त्याच्याच आग्रहाने या अंकात आम्ही जुन्या इंग्रजी आणि जपानी भयपटांतल्या राक्षसांची ओळख करून देत आहोत. मुखवटे आणि कॅमेऱ्याच्या करामती त्यात आहेतच, पण प्रत्येक राक्षसाला एक प्रश्नही विचारायचा आहे: बाबा रे, तुला घडवले कोणी?

शब्दापासून सुरुवात

इंग्रजीतल्या 'मॉन्स्टर' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तिथे 'मॉन्स्ट्रम' म्हणजे अपशकुन, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ आहे 'सावध करणे'. म्हणजे मॉन्स्टर हा मुळात एक इशारा आहे.

आपल्या मराठीत याबाबत मोठी श्रीमंती आहे. मुंजा, हडळ, समंध, खवीस, ब्रह्मराक्षस, वेताळ! आजीला विचारा, ती प्रत्येकाचे लक्षण वेगळे सांगेल. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. समंधाचा जीव मागे राहिलेल्या धनात किंवा वाड्यात अडकलेला. वेताळ तर भुतांचा राजा, आणि तरीही कोकणात नि गोव्यात कित्येक गावांचे तो ग्रामदैवत आहे. आपल्या बहुतेक भुतांच्या नावामागे काहीतरी अपुरे राहिल्याची, काहीतरी चुकल्याची कथा असते. सिनेमातल्या राक्षसांचेही तसेच आहे.

थडग्यातून उठणारे

पहिला प्रकार मेलेल्यांचा. आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ साली निघाली. तिच्यावरून जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊ याने १९२२ मध्ये 'नॉस्फेराटू' हा मूकपट काढला, पण परवानगी न घेता. नावे बदलली, ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक झाला. स्टोकरची विधवा पत्नी कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. तरीही काही प्रती वाचल्या, म्हणून आज आपल्याला तो पाहता येतो. सूर्यप्रकाश पडताच रक्तपिपासू पिशाच्च नाहीसे होते, ही कल्पना या चित्रपटाची. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते.

ऑर्लॉक शहरात येतो तो उंदीर आणि प्लेग घेऊन. हा चित्रपट निघाला तेव्हा पहिले महायुद्ध आणि १९१८ ची फ्लूची साथ यांना जेमतेम चार वर्षे झाली होती. दारातून मृत्यू आत शिरतो, ही त्या प्रेक्षकांच्या घरातली आठवण होती. पुढे १९३१ साली अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीने बेला लुगोसी या हंगेरियन नटाला घेऊन 'ड्रॅक्युला' काढला. काळा झगा, मागे वळवलेले केस आणि सावकाश, परके उच्चार. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो ड्रॅक्युला हाच.

याच जातीची 'ममी'. हॉवर्ड कार्टर याला १९२२ च्या नोव्हेंबरात इजिप्तमध्ये तुतानखामेनचे थडगे सापडले. खर्च करणारे लॉर्ड कार्नार्व्हन १९२३ च्या एप्रिलमध्ये वारले आणि वर्तमानपत्रांनी 'शापा'ची हाकाटी केली. दहा वर्षांनी, १९३२ मध्ये, 'द ममी' पडद्यावर आला. गंमत अशी, की थडगे प्रत्यक्ष उघडणारा कार्टर स्वतः १९३९ पर्यंत जगला. शापाच्या बातमीपुढे हे कोण लक्षात ठेवतो! पण दुसऱ्यांच्या पूर्वजांची थडगी उकरून आणण्याबद्दल मनात कुठेतरी टोचणी होती, तिचीच ही ममी झाली.

माणसाने घडवलेला

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ. 'फ्रँकेन्स्टाईन' ही कादंबरी मेरी शेली हिने १८१६ साली लिहायला घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला होता. त्याच्या राखेमुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मित्रमंडळींनी ठरवले, की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. त्यातून ही कादंबरी जन्मली आणि १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

फ्रँकेन्स्टाईन हे नाव आहे प्रयोग करणाऱ्याचे. त्याने घडवलेल्या जिवाला कादंबरीत नावच नाही. डोळे उघडताच आपल्याच निर्मितीचे रूप पाहून फ्रँकेन्स्टाईन पळून जातो. तो जीव एका झोपडीशेजारी लपून राहतो, भिंतीच्या फटीतून ऐकून भाषा शिकतो, वाचायला शिकतो, रात्री गुपचूप त्या गरीब कुटुंबासाठी लाकडे आणून ठेवतो. शेवटी धीर करून तो घरातल्या अंध म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा आपुलकीने बोलतो. इतक्यात मुलगा येतो, याचा चेहरा पाहतो आणि काठीने झोडपून काढतो. तिथून पुढे तो जीव राक्षस होतो.

१९३१ मध्ये जेम्स व्हेल याने यावर चित्रपट काढला. राक्षस झाला होता बोरिस कार्लोफ. याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, पण वडील हिंदुस्थानात मिठाच्या महसूल खात्यात होते आणि घराण्यात भारतीय रक्तही होते. लहानपणी तो अडखळत बोलत असे. तोवर छोट्यामोठ्या भूमिका करणारा हा नट इतका अनोळखी होता, की चित्रपटाच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नटासमोर नुसते प्रश्नचिन्ह छापले होते! रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज काही तास खपून तो चेहरा तयार करीत असे. सपाट डोके, जड पापण्या, मानेत खिळे. ती रूपरेषा आज मुलेही चार रेघांत काढतात.

यात तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. एक लहान मुलगी राक्षसाला न घाबरता त्याच्याशी खेळते. दोघे पाण्यात फुले टाकतात, फुले तरंगतात. फुले संपतात, तेव्हा ही मुलगीही फुलासारखी तरंगेल असे समजून तो तिला पाण्यात टाकतो. ती बुडते, आणि तो घाबरून पळतो. हा प्रसंग प्रेक्षकांना सोसवणार नाही म्हणून कापण्यात आला. पण कापला कुठे, तर त्याने मुलीकडे हात नेल्याबरोबर! त्यामुळे प्रेक्षकांना वाटले, की याने तिला मुद्दाम मारले. अर्धीच गोष्ट दाखवल्यामुळे राक्षस अधिकच दुष्ट ठरला. पुढे १९८० च्या दशकात तो तुकडा पुन्हा जोडण्यात आला. वर्गातले भांडण तुमच्या कानांवर येते, तेव्हा फिल्म कुठे कापली आहे तेही विचारत जा.

१९३५ च्या 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाईन' या पुढच्या भागात अंध माणूस पुन्हा येतो. रानात एकटा राहणारा हा आंधळा साधू राक्षसाला जेवू घालतो, त्याला बोलायला शिकवतो, 'मित्र' हा शब्द शिकवतो. पुस्तकात काय नि सिनेमात काय, त्याच्याशी माणसासारखे वागतो तो ज्याला त्याचा चेहरा दिसत नाही तोच. कार्लोफ सांगत असे, की त्याला मुलांची पत्रे येत आणि त्या मुलांना राक्षसाची भीती नव्हे, कीव वाटलेली असे. मुलांना जे कळले ते सिनेमातल्या मशाली घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांना कळले नाही.

आतून बाहेर येणारा

तिसरा प्रकार चांगल्या माणसाच्या आतून निघतो. 'द इनव्हिजिबल मॅन' (१९३३) हा एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीवर आधारलेला. अदृश्य होण्याचे औषध घेणारा शास्त्रज्ञ हळूहळू माथेफिरू होतो, आणि आपल्याला कोणी पाहत नाही म्हणजे आपण काहीही करू शकतो असे त्याला वाटू लागते. आपल्याकडच्या 'मिस्टर इंडिया'त (१९८७) तीच शक्ती नायक चांगल्या कामाला लावतो. शक्ती एकच, फरक माणसात.

डोके नसलेला सदरा चालताना कसा दाखवला असेल? युक्ती सोपी होती. नटाने नखशिखांत काळे मखमली कापड गुंडाळून वर कपडे घालायचे आणि काळ्या मखमलीच्या पडद्यासमोर उभे राहायचे. मखमल प्रकाश फारसा परतवत नाही, म्हणून कॅमेऱ्याला फक्त कपडे दिसतात. मग हे चित्र खोलीच्या चित्रात बसवायचे. संगणक जन्माला येण्याआधीची ही करामत आहे.

'द वुल्फ मॅन' (१९४१) मधला सज्जन तरुण लांडग्याच्या चाव्यामुळे नरवृक होतो. पटकथाकार कर्ट सिओडमाक हा हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला ज्यू. त्याच्या कथेत लांडग्याच्या पुढच्या बळीच्या तळहातावर तारा उमटतो. कालपर्यंतचे सभ्य शेजारी एका रात्रीत लांडगे झालेले आणि माणसांवर ताऱ्याची खूण लावलेली ज्या काळाने पाहिली, त्या काळातली ही कथा आहे.

धरून आणलेला

'किंग काँग' (१९३३) मधला महाकाय वानर आपल्या बेटावर राजा होता. माणसे त्याला बेशुद्ध करून न्यूयॉर्कला आणतात, साखळदंडात बांधून तिकीट लावून दाखवतात. तो साखळ्या तोडतो, त्या वेळी नव्याच असलेल्या एम्पायर स्टेट इमारतीवर चढतो आणि विमानांच्या गोळ्यांनी मरतो. चूक कोणाची, ते तुम्हीच सांगा.

पडद्यावरचा तो अवाढव्य काँग प्रत्यक्षात जेमतेम दीड फुटाची बाहुली होता. आत धातूचा सांगाडा, वर सशाची कातडी. विलिस ओब्रायन आणि त्याचे सहकारी बाहुली किंचित हलवत, एक चित्र घेत, पुन्हा हलवत. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशी चोवीस चित्रे लागतात. नीट पाहिलेत तर काँगचे केस सतत थरथरताना दिसतात. ते वारे नव्हे, तर प्रत्येक चित्राआधी लागलेली माणसांची बोटे आहेत! घरातल्या मोबाइलवर मातीचे माकड करून तुम्हालाही हा प्रयोग करता येईल.

अणुबॉम्बची लेकरे

१ मार्च १९५४. अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अपेक्षेपेक्षा कितीतरी मोठा निघाला. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी बोटीवर पांढरी राख पडली. बोटीचे नाव होते 'भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५'. तिच्यावरचे तेवीस खलाशी किरणोत्साराने आजारी पडले. त्यांतले आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ३ नोव्हेंबर १९५४ रोजी, जपानात 'गोजिरा' प्रदर्शित झाला. इंग्रजीत त्याचा 'गॉडझिला' झाला. चित्रपटाची सुरुवातच समुद्रातल्या एका बोटीने होते: डोळे दिपवणारा प्रकाश, आग, आणि बोट नाहीशी. जपानी प्रेक्षकांना हे काय आहे ते सांगावे लागले नाही.

दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी युद्धानंतर उद्ध्वस्त हिरोशिमा स्वतः पाहिले होते. गोजिरा हा बॉम्बने जागा झालेला आणि बॉम्बनेच भाजलेला प्राणी आहे. करामती दाखवणारे एजी त्सुबुराया यांना काँगसारखी बाहुली हलवायची होती, पण त्याला सात वर्षे लागतील असा हिशेब निघाला. मग सुमारे शंभर किलोचा रबरी पोशाख करून त्यात हारुओ नाकाजिमा या नटाला उभे केले. दिव्यांच्या उष्णतेने तो आत घामाने निथळत असे. कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रण केले आणि ते नेहमीच्या वेगाने दाखवले, म्हणून हालचाली संथ नि वजनदार वाटतात. ती भयानक डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा एका मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर घासून काढली.

शेवटी गोजिराला मारणारे अस्त्र एका तरुण शास्त्रज्ञाकडे असते. हे अस्त्र एकदा जगाला कळले की युद्धात वापरले जाणार, हे तो जाणतो. म्हणून तो आपली सर्व कागदपत्रे जाळतो आणि अस्त्र वापरताना स्वतःही समुद्राच्या तळाशी राहतो. फ्रँकेन्स्टाईन आपल्या निर्मितीपासून पळाला, हा पळाला नाही. १९५६ मध्ये हा चित्रपट अमेरिकेत आला तो बराच कापून, एका अमेरिकन वार्ताहराचे पात्र घुसवून. बॉम्बचे कितीतरी उल्लेख त्यात गळले. पुन्हा तीच कात्री!

अमेरिकेतही १९५४ मध्ये 'देम!' निघाला. अणुचाचणीच्या वाळवंटात मुंग्या माणसापेक्षा मोठ्या होतात. इथे आमच्या विज्ञान शिक्षकांनी फळ्यावर मांडलेले गणित पाहा. एक सेंटीमीटरची मुंगी तीन मीटरची केली, म्हणजे लांबी ३०० पट झाली. पायाची ताकद त्याच्या जाडीच्या क्षेत्रफळावर अवलंबून, म्हणून ती ३०० × ३०० = ९०,००० पट. वजन मात्र घनफळावर, म्हणजे ३०० × ३०० × ३०० = २,७०,००,००० पट. पायावरचा भार ताकदीच्या मानाने ३०० पट वाढला. बिचारी मुंगी उभीच राहू शकणार नाही. शिवाय तिला फुप्फुसे नाहीत, अंगातल्या बारीक नळ्यांतून हवा आत जाते. एवढ्या मोठ्या शरीरात ती पुरणार नाही. शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ च्या एका निबंधात हे तत्त्व सुंदर समजावले आहे. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. तेव्हा राक्षसी मुंगीची भीती वाटली, तर वही-पेन्सिल घ्या!

परके आणि शेजारी

शेवटचा प्रकार परग्रहावरच्यांचा. 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' (१९५१) मधला पाहुणा यानातून उतरतो आणि भेटवस्तू पुढे करतो. घाबरलेला सैनिक ते हत्यार समजून गोळी झाडतो. पाहुण्याशी मैत्री करतो एक लहान मुलगा. उलट 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६) मध्ये परके जीव हुबेहूब आपल्या शेजाऱ्यांसारखे दिसतात, फक्त त्यांना माया नसते. ही भीती कम्युनिस्टांची, की शेजाऱ्यावर संशय घ्यायला लावणाऱ्या त्या वेळच्या अमेरिकन वातावरणाची, यावर समीक्षकांत अजून वाद आहे. आणि 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) मध्ये चालत्या प्रेतांशी रात्रभर झुंजून वाचलेला नायक सकाळी मरतो, तो सुटका करायला आलेल्यांच्या गोळीने. त्यांनी लांबूनच ठरवलेले असते, की हाही प्रेतच.

पाहताना

यांतले काही चित्रपट मोठ्यांचे आहेत. शेवटचा तर नक्कीच, तो मुलांनी पाहू नये. 'काँग' आणि 'गोजिरा' पालकांनी आठवी-नववीच्या मुलांबरोबर बसून पाहावेत, आणि नंतर तीन प्रश्नांवर गप्पा माराव्यात. याला कोणी घडवले? याला समजून घेणारे कोणी होते का? हा कोणत्या काळाची भीती घेऊन आला?

आमच्या त्या विद्यार्थ्याचे टाके केव्हाच भरले. कपाळावर आता बारीकशी रेघ आहे, तीही जवळून पाहिले तरच दिसते. पण शाळेचा विषय निघाला, की पहिल्यांदा तेच नाव आठवते, असे त्याने आम्हाला सांगितले. आम्ही त्याची मनापासून क्षमा मागतो. त्या वर्गात राक्षस कोणीच नव्हता. एक दुखावलेला मुलगा होता, आणि त्याला राक्षस करणारे आम्ही सगळे होतो, हाक मारणारे आणि हसणारेही. पुढच्या वेळी मागच्या बाकावरून अशी हाक आली, तर न हसणारा पहिला विद्यार्थी तुम्ही व्हा. आम्हीही तेव्हा हसण्यावारी नेणार नाही.